शोध एकाचा, सांधा सगळ्यांचा

१९९९ साली लंडनच्या हायकोर्टासमोर व्हेंडिंग मशीनमधल्या एका लहानशा भागाचे भांडण आले. टाकलेले नाणे खरे की खोटे, एक पौंडाचे की दहा पेन्सचे, हे ओळखणारा हा भाग मार्स कंपनीने बनवला होता. चॉकलेट बनवणारी तीच मार्स. सरकारने नाणी बदलली की या भागाला नवी नाणी शिकवावी लागत. टेक्नॉलेज नावाच्या कंपनीने तो भाग उघडला, त्यातल्या चिपमध्ये सांकेतिक रूपात दडवलेली माहिती उलगडली आणि हे शिकवण्याचे काम कसे करायचे ते स्वतः शोधून काढले. मार्सने खटला भरला. प्रोग्रॅमचा प्रताधिकार आणि माहितीसंचावरचा हक्क या मुद्द्यांवर टेक्नॉलेज हरली. दुरुस्तीसाठी एवढे करावेच लागते, हा तिचा बचाव न्यायमूर्ती जेकब यांनी मानला नाही. पण आमचे गुपित फोडले, ही मार्सची तक्रारही त्यांनी फेटाळली. यंत्र विकत घेणारा त्याचा मालक होतो, ते उघडून कसे चालते हे पाहण्याचा आणि कळले ते इतरांना सांगण्याचा त्याला अधिकार आहे. आत कुलूप घातले एवढ्यावरून खुल्या बाजारात विकलेली वस्तू गुपित ठरत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

मला हा निकाल अर्धा पटतो. जो अर्धा पटत नाही, त्यातूनच माझे म्हणणे निघते. यंत्राच्या पोटात जी युक्ती आहे तिच्यावर शोधकाचा हक्क असावा. ठरावीक मुदतीचा असावा, पण कोर्टात टिकणारा असावा. मात्र यंत्र जिथे दुसऱ्या कुणाच्या वस्तूला भेटते, सरकारच्या नाण्याला, बँकेच्या कोडला, दुसऱ्या कारखान्यातल्या सुट्या भागाला, दुरुस्ती करणाऱ्याच्या हाताला, तो सांधा कुणा एकाच्या मालकीचा असू नये. पेटंटने नसावा, प्रताधिकाराने नसावा आणि गुपिताने तर मुळीच नसावा. व्हेंडिंग मशीन आणि टेबलावरचा छोटा संगणक या दोन यंत्रांची वाटचाल पाहिली तर हा भेद किती मोलाचा आहे ते दिसते. आज ही दोन्ही यंत्रे एकाच पेटीत येऊन बसली आहेत, म्हणून तो आत्ताच मांडायला हवा.

नाणे टाकून वस्तू मिळवण्याची कल्पना फार जुनी आहे. पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हिरोने देवळातल्या पवित्र पाण्यासाठी असे यंत्र वर्णिले आहे: नाणे एका तबकडीवर पडते, तिच्या भाराने तरफ हलते, झडप उघडते, पाणी येते; नाणे घसरून खाली पडले की झडप मिटते. विचार पूर्ण होता. तरी त्यातून व्यवसाय उभा राहिला तो अठराशे वर्षांनी, १८८०च्या दशकात इंग्लंडमध्ये. पर्सिव्हल एव्हरिट यांनी पोस्टकार्डे देणारे यंत्र १८८३च्या सुमारास लंडनमध्ये लावले, नंतर नाण्यावर चालणाऱ्या वजनकाट्याचेही पेटंट घेतले. आपल्याकडच्या रेल्वे स्टेशनांवरचे, नाणे टाकताच दिवे उजळून वजनाचे तिकीट देणारे काटे त्याच घराण्यातले. एव्हरिट यांच्या पेटंटातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. लोक नाण्याच्या खाचेत कागद आणि संत्र्याची साले कोंबतात, अशी तक्रार त्यांनी नोंदवली आहे आणि त्यावरचा उपाय म्हणून आपली सुधारणा मांडली आहे. पोस्टकार्ड ढकलून बाहेर काढणे हे त्या यंत्राचे सोपे काम होते. अवघड काम होते ते अनोळखी माणसाच्या हाताला तोंड देण्याचे. सांध्याचा प्रश्न पहिल्या दिवसापासून उभा होता.

पुढची शंभर वर्षे या धंद्यातली बरीचशी हुशारी खोटे नाणे ओळखण्यात खर्च झाली. शिशाच्या चकत्या, वायसर, परदेशी नाणी, दोरा बांधून आत सोडून पुन्हा ओढून घेतलेली नाणी, सगळे प्रकार झाले. आधी नाणे वजनाने आणि व्यासाने पारखत. मग चुंबक आले: लोखंडी चकती चुंबकाला चिकटते; तांब्या-निकेलचे नाणे चिकटत नाही, पण चुंबकाजवळून घरंगळताना त्याच्यात भोवरी प्रवाह निर्माण होऊन त्याचा वेग कमी होतो, आणि किती कमी होतो ते धातूवर ठरते. म्हणजे नाणे किती लांब उडी मारून कुठल्या फटीत पडते यावरून त्याची जात कळे. नुसत्या उतारावर आणि चुंबकावर बेतलेली ही परीक्षा वाचताना आजही थक्क व्हायला होते. १९७०च्या दशकात तिची जागा इलेक्ट्रॉनिक्सने घेतली. नाणे तारेच्या वेटोळ्याजवळून जाते, वेटोळ्याच्या क्षेत्रात बदल होतो, तो मोजला की धातू, जाडी आणि व्यास यांचा अंदाज येतो आणि स्मृतीत साठवलेल्या मर्यादांशी तो पडताळता येतो.

या पद्धतीची पेटंटे मार्सकडे होती. कॉइन अ‍ॅक्सेप्टर्स, म्हणजे धंद्यात ज्यांना कॉइनको म्हणतात, त्या प्रतिस्पर्ध्यावर मार्सने १९९० साली अमेरिकेत दावा लावला. पेटंटांचा भंग झाला असे ठरले, आणि भरपाई किती यावरचे अपील निकालात निघेपर्यंत २००८ साल उजाडले. मला या खटल्यात मार्सची बाजू न्याय्य वाटते. नाणे विजेने पारखण्याची पद्धत हा खरा शोध होता, तो कागदावर उघड मांडलेला होता, त्याला मुदत होती, आणि दुसऱ्याला वेगळी पद्धत शोधायला मोकळीक होती. पेटंट याच कामासाठी असते.

पाहण्यासारखी गंमत पुढे आहे. व्हेंडिंग मशीनच्या आत नाणी घेणारा भाग, नोटा घेणारा भाग, कार्ड वाचणारा भाग आणि मुख्य नियंत्रक यांनी एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलायचे याचा एमडीबी नावाचा संकेत कॉइनकोनेच कोका-कोलासाठी तयार केला होता. अमेरिकेतल्या व्हेंडिंग व्यावसायिकांच्या संघटनेने तो १९९०च्या दशकात सर्वांसाठी मानक म्हणून स्वीकारला. सेकंदाला ९६०० बिटांची साधीसुधी वाहिनी, ठरलेला जोड, छापील तपशील कुणालाही वाचायला उपलब्ध. त्यामुळे एका कंपनीच्या कपाटात दुसरीचा नाणेपारखी आणि तिसरीचा कार्डवाचक बसू लागला. चहा-बिस्किटांची चार यंत्रे चालवणाऱ्या लहान व्यावसायिकाला एक भाग बिघडला म्हणून आख्खे कपाट फेकावे लागेनासे झाले. ज्या कंपनीने आतल्या युक्तीच्या भांडणात हार खाल्ली, तिच्याच हातून सगळ्यांच्या उपयोगाचा सांधा घडला. एकाच धंद्यात, जवळजवळ एकाच काळात, कडक पेटंट आणि खुला सांधा शेजारी शेजारी नांदले आणि दोघांनीही आपापले काम केले. पेटंट हवे की मोकळीक हवी, असा वाद घालणाऱ्या दोन्ही पक्षांनी हे उदाहरण पाहावे असे मला वाटते.

आता टेबलावरच्या संगणकाकडे येऊ. १९६५ साली इटलीतल्या ऑलिव्हेट्टीने न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात प्रोग्रामा १०१ हे यंत्र मांडले. कंपनीने आपला इलेक्ट्रॉनिक्स विभाग आदल्या वर्षी अमेरिकन जनरल इलेक्ट्रिकला विकला होता. पिएर जॉर्जो पेरोत्तो आणि त्यांच्या दोन-तीन सहकाऱ्यांनी हे काम जवळजवळ लपून पुढे नेले. टाइपरायटरएवढी पेटी, किंमत ३,२०० डॉलर, आणि प्रोग्रॅम साठवायला चुंबकीय पट्टीचे कार्ड. ज्या काळात संगणकाला खोली लागे आणि खोलीला पुजारी लागत, त्या काळात हिशेब करणाऱ्या माणसाने स्वतःच्या टेबलावर स्वतःचे कार्ड सरकवून काम करावे, ही कल्पना मोठी होती. तीन वर्षांनी ह्यूलेट-पॅकार्डचे ९१००ए आले, तेही कार्ड वापरणारे. ऑलिव्हेट्टीने पेटंटाचा आधार घेतला आणि ह्यूलेट-पॅकार्डने सुमारे ९ लाख डॉलर स्वामित्वशुल्क भरले. हा पेटंटाचा उत्तम उपयोग. पेरोत्तोंच्या शोधाची दखल घेतली गेली, पैसा मिळाला आणि ९१००एसुद्धा बाजारात राहिले.

स्टीव्ह वॉझनियाक यांचे उदाहरण मला त्याहून अधिक आवडते. अ‍ॅपल टूचे चित्र साध्या दूरचित्रवाणीवर रंगीत उमटवण्याची त्यांची युक्ती एप्रिल १९७७ मध्ये पेटंटासाठी दाखल झाली आणि जानेवारी १९७९ मध्ये पेटंट मिळाले. कमीत कमी चिपा वापरून, संगणकाचे घड्याळ आणि चित्राचे घड्याळ एका लयीत बांधून केलेले ते काम आहे. त्यावर हक्क मागणे पूर्ण रास्त होते. त्याच यंत्रात मागच्या बाजूला आठ मोकळे खाचे होते, आणि कंपनीच्या माहितीपुस्तकात मंडलाची आकृती आणि आतल्या प्रोग्रॅमच्या ओळी छापलेल्या होत्या. कुणीही कार्ड बनवावे, खोचावे आणि विकावे. प्रिंटर, डिस्क, ध्वनी, प्रयोगशाळेतली मोजमापे, कंपनीने ज्यांची कल्पनाही केली नव्हती अशा कामांसाठी लोकांनी कार्डे बनवली. ज्याने पेटंट घेतले त्यानेच खाचे मोकळे ठेवले. १९८४च्या मॅकिंटॉशमध्ये मात्र एकही विस्तार-खाचा नव्हता आणि पेटी उघडायला लांब दांड्याचा खास पेचकस लागे. देखणे, आटोपशीर यंत्र होते ते. पण त्यात नव्याने काय बसवायचे हे ठरवणारा माणूस आता एकच उरला होता.

आयबीएमची कथा तर या विषयावरचा धडाच आहे. १९८१च्या पीसीचे तांत्रिक पुस्तक आयबीएमने छापून विकले. त्यात आकृत्या होत्या आणि बायोसचा, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचा, मजकूरही होता. सुटे भाग जोडण्याच्या वाहिनीवर मार्क डीन आणि डेनिस मोलर यांचे पेटंट होते, १९८५ साली मंजूर झालेले, तरी बाहेरच्या कारखान्यांना कार्डे बनवायला आडकाठी नव्हती. बायोसवर प्रताधिकार होता, म्हणून कॉम्पॅकने तो न वाचलेल्या अभियंत्यांकडून नुसत्या वर्णनावरून नवा लिहवून घेतला. बाजार आयबीएमच्या हातून निसटत चालला. १९८७ साली कंपनीने पीएस/२ यंत्रे आणली आणि त्यांत मायक्रो चॅनल ही नवी वाहिनी घातली. तांत्रिकदृष्ट्या ती चांगली होती, जुनीपेक्षा नक्कीच चांगली. पण ती पेटंटांनी वेढलेली होती, परवान्यासाठी भरघोस शुल्क मागितले जात होते, आणि जुन्या धर्तीच्या यंत्रांची मागची थकबाकीही भरा असा आग्रह होता. पुढच्याच वर्षी कॉम्पॅक आणि आणखी आठ कंपन्या एकत्र आल्या आणि त्यांनी आपली वेगळी सामाईक वाहिनी जाहीर केली. मायक्रो चॅनल काही वर्षांत मागे पडली. चांगला शोध, भक्कम पेटंट, प्रचंड कंपनी, आणि तरीही हार. कारण ज्यावर मालकी सांगितली तो इतरांच्या वस्तू जोडण्याचा दरवाजा होता.

छोटा संगणक छोटा कसा झाला, याचे उत्तर लोक चिपांच्या प्रगतीत शोधतात. ते अर्धेच उत्तर आहे. पेटीत आधी खाचे होते, खाच्यांत कार्डे होती, कार्डांसाठी जागा आणि वीज लागत होती. १९९६ साली यूएसबी आले. त्यावर काम करणाऱ्या इंटेलच्या चमूत बडोद्याला शिकलेले अजय भट्ट हे प्रमुख नाव. यूएसबीत पेटंटे आहेतच, अनेक कंपन्यांची आहेत. पण मानक स्वीकारणाऱ्यांना ती विनाशुल्क वापरू देण्याचा करार आहे. सांधा सामाईक झाला, पेटीच्या बाहेर आला, आणि आत मोकळी जागा उरली. पडद्याच्या पाठीला १०० मिलिमीटर अंतरावर चार भोके ठेवण्याचे मानक व्हेसा संघटनेने ठरवले, म्हणून तळहाताएवढा संगणक कुठल्याही कंपनीच्या पडद्यामागे चार स्क्रूंनी टांगता येतो. २००५चा मॅक मिनी, २०१२चा रास्पबेरी पाय, २०१३च्या सुमारास आलेला चार इंच चौरस बोर्डाचा इंटेल नक, यांतले प्रत्येक यंत्र या सामाईक सांध्यांच्या खांद्यावर उभे आहे. इंटेलने २०२३ साली नकचा धंदा सोडला आणि परवाना असूसकडे गेला. ज्यांनी ते यंत्र सामाईक सांध्यांनी जोडले होते, त्यांचे काम त्यामुळे अडले नाही.

मग व्हेंडिंग मशीनच्या पोटात काय झाले? तिथला नाणेपारखी आणि मोटारी हलवणारा साधा नियंत्रक मागे सरला आणि त्यांच्या वर एक छोटा संगणक येऊन बसला. समोर स्पर्शपडदा, आत विंडोज किंवा लिनक्स, मागे इंटरनेट. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात चॉकलेटच्या एका यंत्राच्या पडद्यावर त्रुटीचा संदेश उमटला. चालू न होऊ शकलेल्या प्रोग्रॅमच्या नावातच चेहरा ओळखण्याचा उल्लेख होता. यंत्र स्वित्झर्लंडमधल्या इन्व्हेंडा कंपनीचे होते, त्यावर चित्र एम अँड एम चॉकलेटचे, म्हणजे पुन्हा मार्सचे. समोर कुणी उभे आहे का एवढेच यंत्र पाहते, चित्रे साठवत नाही, असे कंपनीने सांगितले. विद्यापीठाने यंत्रे हटवायला सांगितले. कंपनीचे म्हणणे खरे असेल. पण ते पडताळण्याचा मार्ग विद्यार्थ्यांकडे नव्हता. प्रोग्रॅम बंद पडला नसता तर त्याचे नावसुद्धा कुणाला कळले नसते.

पेटंटांवर टीका करणारे इथेच चुकतात असे मला वाटते. ते पेटंटालाच कुलूप समजतात. पेटंटाच्या अर्जात शोध कसा करायचा हे लिहून द्यावे लागते, आणि वीस वर्षांनी तो सगळ्यांचा होतो. प्रोसेसर एका चिपवर बसवण्याच्या कल्पनेचे गिल्बर्ट हायट यांचे पेटंट १९७० साली दाखल होऊन १९९० साली मंजूर झाले. मधली वीस वर्षे अर्ज गुप्त राहिला आणि नंतर अनेक कंपन्यांकडे पैसे मागितले गेले. १९९६ साली तो हक्क त्यांच्याकडून गेला. त्या प्रकरणात वाईट काय होते, तर अर्जाचे गुप्त राहणे. अमेरिकेनेही नंतर अर्ज अठरा महिन्यांनी प्रसिद्ध करण्याचा नियम केला. आजचे खरे कुलूप पेटंटाच्या बाहेर आहे. ते सांकेतिक केलेल्या प्रोग्रॅममध्ये आहे, सर्व्हिसवाल्याच्या लॅपटॉपमधल्या किल्लीत आहे, बोर्डावरच चिकटवून टाकलेल्या स्मृतीत आहे. त्याला मुदत नाही, त्याचा दस्तऐवज नाही, त्याच्याविरुद्ध अर्ज करायला कचेरी नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसने दुकानांतल्या खाद्यपदार्थांच्या यंत्रांची डिजिटल कुलपे दुरुस्तीसाठी उघडायला मुभा दिली, ती आइस्क्रीमच्या यंत्रांवरून उठलेल्या मागणीमुळे. यंत्राच्या मालकाला स्वतःचे यंत्र दुरुस्त करायला सरकारी सूट लागावी, इथवर गोष्ट आली आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. सांधा खुला ठेवा म्हणणे मोठ्यांना परवडते. एकट्या शोधकाचे काय? त्याच्याकडे विकण्यासारखे दुसरे काहीच नसते. इथे मला शंकर आबाजी भिसे आठवतात. १८६७ साली मुंबईत जन्मलेला हा माणूस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनला गेला. वाणसामान आपोआप मोजून देणाऱ्या यंत्राच्या रचनेची एका इंग्रजी नियतकालिकाची स्पर्धा त्याने जिंकली होती. दादाभाई नौरोजींनी त्याला आधार दिला. पुढे छपाईचे खिळे पाडण्याच्या त्याच्या यंत्राला सर रतन टाटांनी भांडवल पुरवले. पेटंटे त्याच्याकडे होती, बुद्धी तर होतीच. तरी आयुष्याची कितीतरी वर्षे भांडवल जमवण्यात गेली आणि १९३५ साली न्यूयॉर्कमध्ये तो वारला तेव्हा छापखान्यांच्या बाजारावर राज्य दुसऱ्यांचेच होते. पेटंट दुसऱ्याला अडवण्याचा अधिकार देते. ते कारखाना देत नाही, गिऱ्हाईक देत नाही. एकट्या शोधकाला गिऱ्हाईक मिळते ते त्याची वस्तू लोकांकडे आधीच असलेल्या यंत्रात बसली तर. नाणेपारखी सुधारणाऱ्या तरुणाला आख्खे व्हेंडिंग मशीन बनवावे लागत असेल, तर तो घरीच बसेल. खुल्या सांध्याची सर्वात जास्त गरज लहान शोधकालाच असते. त्याचे पेटंट घट्ट असावे आणि त्याला जोडायचा खाचा मोकळा असावा, या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात नाहीत.

भारतीय कायद्याने या बाबतीत बरीच शहाणी भूमिका घेतली आहे, याचा मला अभिमान वाटतो. १९७०च्या पेटंट कायद्याच्या कलम ३ मध्ये म्हटले आहे की माहीत असलेली साधने, प्रत्येक आपापले जुनेच काम करीत असताना, नुसती शेजारी शेजारी मांडली तर तो शोध नव्हे. त्याच कलमात संगणकाचा प्रोग्रॅम केवळ प्रोग्रॅम म्हणून पेटंटास पात्र नाही असेही आहे. २००४च्या अखेरीस वटहुकुमाने ही अट सैल करण्याचा प्रयत्न झाला आणि २००५ साली संसदेने तो बदल वगळला. त्याआधी १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने भांडी घडवताना ती लेथवर पकडून ठेवण्याच्या पद्धतीचे पेटंट रद्दबातल ठरवले, कारण जुन्या पद्धतीत किरकोळ कारागिरीची भर घालणे म्हणजे शोध नव्हे. या कसोट्या आजच्या आपल्या कॉलेजांत पुन्हा वाचल्या पाहिजेत. मोटार, क्यूआर कोड, छोटा संगणक आणि क्लाउड एका चौकटीत काढून व्हेंडिंग मशीनचा अर्ज करायचा, तो पेटंट कार्यालयाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला की पेटंट मिळाले म्हणून फलक लावायचा, ही रीत बोकाळली आहे. प्रसिद्ध होणे ही अर्जाची पहिली पायरी आहे; तपासणी पुढे असते. मूल्यांकनाच्या गुणांसाठी केलेल्या अशा अर्जांनी विद्यार्थ्याला शिकवले जाते की शोध म्हणजे कागद. एव्हरिटने संत्र्याच्या सालीवर उपाय शोधला होता. त्या पातळीचा एक खरा प्रश्न आपल्या स्टेशनावरून, मंडईतून, वसतिगृहातून उचलून सोडवला, तर तो शंभर अर्जांहून मोठा.

आणि सांध्याच्या बाबतीत आपण जगाला दाखवावे असे एक काम केले आहे. त्याआधीची आपली अडचण पाहा. जपानमध्ये १९६०च्या दशकात मोलाची, एकसारखी नाणी हातोहाती आली आणि व्हेंडिंग मशीनांचा प्रसार झाला. आपल्याकडे सुट्ट्या पैशांची ओरड कायमची, नाण्यांच्या मालिका पुन्हा पुन्हा बदललेल्या, एकाच किमतीची वेगवेगळ्या आकारांची नाणी एकाच वेळी चलनात. नाणेपारखी बनवणाऱ्याने डोक्याला हात लावावा अशी स्थिती. २०१६ साली यूपीआय आले आणि नाण्याची खाच कोडच्या चौकोनात बदलली. पण त्याहून मोलाची गोष्ट घडली ऑक्टोबर २०२० मध्ये. रिझर्व्ह बँकेने सांगितले की कोणत्याही कंपनीने फक्त स्वतःच्या अ‍ॅपला वाचता येईल असा नवा क्यूआर कोड काढू नये, आणि जुने ३१ मार्च २०२२ पर्यंत सर्वांना वाचता येतील असे करावेत. या एका आदेशाने भाजीवालीच्या पाटीपासून पाण्याच्या यंत्रापर्यंत सगळ्यांचा दरवाजा सामाईक झाला. अ‍ॅपच्या आत कुणी काय युक्ती केली आहे त्याला हात लागला नाही. दरवाजा तेवढा सर्वांचा ठरला. २०२३ साली रिझर्व्ह बँकेने यूपीआयवर नाणी देणारी यंत्रे बारा शहरांत प्रयोगासाठी आणली, तीही याच दरवाजाने चालणारी.

पैशाच्या सांध्याला जे जमले ते यंत्राच्या इतर सांध्यांना जमवायचे आहे. मुंबईच्या लोकलचा प्रवासी कूपनावर शिक्का उमटवणाऱ्या यंत्रांपासून एटीव्हीएम या तिकीट देणाऱ्या यंत्रांपर्यंत आला. तिकिटाचे कार्ड रेल्वेचे वेगळे, बसचे वेगळे, मेट्रोचे वेगळे, अशी वर्षे त्याने काढली. सगळीकडे चालणाऱ्या सामाईक कार्डाची योजना २०१९ मध्ये आली आणि ती अजून सर्व दारांवर पोचायची आहे. शाळांत सॅनिटरी नॅपकिनची यंत्रे बसतात, पालिकेच्या बागेत पाण्याची, रुग्णालयात औषधांची. पुरवठादार बदलला किंवा बुडाला की असे यंत्र भंगारात जाऊ शकते. आतला संगणक ठणठणीत असतो, मोटारी फिरत असतात, फक्त त्यांच्याशी बोलण्याची किल्ली कुणाकडे नसते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्यासाठी पोर्टलही सुरू केले. फोन, गाड्या, घरगुती उपकरणे आणि शेतीची अवजारे हे त्यांचे विषय आहेत. जनतेच्या पैशाने घेतलेली यंत्रे त्या यादीत वेगळी मांडायला हवीत.

त्यासाठी नवा कायदा येईपर्यंत थांबायचे कारण नाही. रेल्वे, एसटी महामंडळ, महापालिका, जिल्हा परिषदा आणि विद्यापीठे यांनी आपल्या निविदेत एवढे लिहावे: यंत्रातले भाग प्रसिद्ध मानकानेच एकमेकांशी जोडलेले असतील, नवे नाणे, नवे कार्ड किंवा नवा कोड शिकवण्याची पद्धत आणि किल्ली खरेदीदाराला लेखी मिळेल, कॅमेरा असेल तर त्याचा प्रोग्रॅम तपासू दिला जाईल, आतला संगणक बाजारात मिळणाऱ्या मापाचा असेल. पुरवठादाराच्या आतल्या पेटंटांना यातल्या एकाही अटीने धक्का लागत नाही. जो पुरवठादार तरीही नकार देईल, त्याचे यंत्र स्वस्त पडले तरी घेऊ नये. नगरसेवकांनी अर्थसंकल्पाच्या सभेत आणि प्राध्यापकांनी विद्यापीठाच्या अधिसभेत ही मागणी पुढची खरेदी होण्याआधी मांडावी.